पडदा-दिवा घ्यावा, पेटी घेऊ नये: पतंग-अभ्यासाच्या संचाचे परीक्षण

‘पतंग पकडण्यापासून नव्या प्रजातीचे वर्णन लिहिण्यापर्यंत सर्व काही एकाच संचात’ अशा जाहिरातीखाली विकला जाणारा हा संच सध्या विदर्भातल्या तालुक्यांच्या कॉलेजांत आणि काही गावांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांत दिसू लागला आहे. संचाचे दोन भाग आहेत. पहिल्यात दिवा, बॅटरी, चार्जर, पडदा आणि दोऱ्या. दुसऱ्यात मारक बरणी, टाचण्या, पंख पसरायची फळी, काचेच्या झाकणाची पेटी, शवविच्छेदनाची छोटी हत्यारे, लेबलांचे कागद आणि एक पुस्तिका. दोन्ही भाग सुटे मिळतात, आणि हे चांगले आहे, कारण पहिला भाग पैसे वसूल करून देतो आणि दुसऱ्या भागातल्या निम्म्या वस्तू पहिल्याच पावसाळ्यात बदलाव्या लागतात.

आधी दिव्याबद्दल. तो १० वॅटचा, १२ व्होल्टवर चालणारा अतिनील एलईडी पट्टा आहे. खेड्यात काम करायचे तर हीच निवड बरोबर आहे. जुन्या पद्धतीचा १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब पाखरे जास्त ओढतो, यात वाद नाही. पण त्याला २३० व्होल्ट लागतात, व्होल्टेज पडले की तो विझतो आणि थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला तरी बल्ब तडकतो. जिथे सिंगल फेज संध्याकाळी जाते आणि रात्री कधी येईल याचा नेम नसतो, तिथे त्या बल्बच्या भरवशावर जंगलाच्या कडेला जाऊन बसण्यात अर्थ नाही. जनरेटर नेला तर धूर आणि आवाज सोबत येतो.

एलईडी पट्ट्यावर ३९५ नॅनोमीटर लिहिलेले आहे. हा उजेड आपल्या डोळ्यांना जांभळा दिसतो. पतंगांच्या डोळ्यांना याहून आखूड लहरी जास्त जाणवतात, म्हणून ३६५ नॅनोमीटरचा पट्टा असता तर बरे झाले असते. त्याचा उजेड आपल्याला फिका वाटतो आणि विकत घेणाऱ्याला वाटते की दिवाच मंद आहे. बहुधा त्याच कारणाने विक्रेते ३९५चा ठेवत असावेत. तरी कामापुरता हा पट्टा पुरेसा आहे. सोबत अतिनील किरण अडवणारा चष्मा मात्र दिलेला नाही, तो वेगळा घ्यावा. पडद्याशी तीन-चार तास तोंड करून बसणाऱ्याने तो टाळू नये.

बॅटरी ७ अँपिअर-अवरची आहे. हिशेब साधा आहे. दिवा जवळपास ०.८५ अँपिअर घेतो, म्हणजे कागदावर आठ तास. पण लेड-ॲसिड बॅटरी दरवेळी तळाला नेली तर एका हंगामात मरते, म्हणून चार-पाच तासांवर थांबावे. संध्याकाळी सातला लावला तर बाराच्या आत बंद करावा लागतो. अडचण इथेच आहे. दिवेलागणीला बारीक पतंग येतात, पण रुईपतंगांसारखे (हॉक मॉथ) जोरात उडणारे मोठे आणि रेशमाचा कोश करणारे पतंग बरेचदा मध्यरात्रीनंतर येतात. १२ अँपिअर-अवरची बॅटरी घ्यावी, नाहीतर दुसरी ७ची जोडीला ठेवावी. चार्जरला आपोआप बंद होण्याची सोय नाही, ही संचातली धोक्याची वस्तू आहे. रात्री लाइट आली की तो सुरू होतो आणि सकाळपर्यंत सुरूच राहतो, बॅटरी फुगते. सोलर पॅनलसोबत मिळतो तो छोटा चार्ज कंट्रोलर मध्ये टाकला की प्रश्न सुटतो. वायर दहा फूट दिली आहे, पुरते. लांबवायची असेल तर जाड वायर घ्यावी. बारीक वायरीत व्होल्टेज पडते आणि दिवा मंद होतो.

पडदा सहा बाय चार फुटांचा, पॉलिस्टरचा. तो गुळगुळीत आहे. पतंगाचे पाय त्यावर टिकत नाहीत, तो घसरून खाली गवतात पडतो. खाली मुंगळे, बेडूक आणि पाली वाट पाहत असतात. पॉलिस्टर बाजूला ठेवून पांढरे मांजरपाट शिवून घ्यावे. खालची दीड-दोन फूट बाजू जमिनीवर पुढे अंथरता येईल एवढी लांबी धरावी, म्हणजे पडलेले पाखरू पांढऱ्यावरच पडते. पडदा ताठ बांधावा. सैल पडदा वाऱ्याने हलला की बसलेले सगळे उडतात. संचातल्या दोऱ्या आणि खुंट्या मजबूत आहेत. काळ्या कोरड्या जमिनीत खुंटी ठोकली तर चांगली धरते, पावसात चिखलात ती उपटते, तेव्हा दगडाला बांधावे.

जागा निवडताना ग्रामपंचायतीच्या रस्त्यावरच्या एलईडीपासून दूर, पण दाट झाडीच्या आत नको. नाल्याचा उघडा काठ, पांदण रस्ता जिथे जंगलाला लागतो ती जागा, किंवा धुऱ्यावर पडदा जंगलाकडे तोंड करून. अमावस्येच्या आसपास, ढगाळ, दमट, वारा नसलेली रात्र सर्वांत चांगली. मृग लागून पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाले की पाखरांची गर्दी उडते. त्या काळात संध्याकाळी पंखवाली वाळवी इतकी येते की पडदा दिसत नाही. तेव्हा दिवा अर्धा-पाऊण तास बंद ठेवावा; वाळवीचे उडणे थोड्या वेळात संपते. पेडेरस नावाचा बारीक, नारिंगी-काळा, मुंगीसारखा दिसणारा भुंगाही याच दिवसांत दिव्यावर येतो. तो मानेवर बसला तर चिरडू नये, फुंकर मारून उडवावा. चिरडला तर त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. जागा लगेच साबणाने धुवावी. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही, आणि तो पहिल्या पानावर असायला हवा होता.

पडद्यावर येणारे बहुतेक पतंग ओळखीचे असतात, हे घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावे. सागाच्या जंगलाजवळ श्रावण-भाद्रपदात सागाची पाने जाळीदार करणाऱ्या अळीचे आणि पाने खाणाऱ्या हिब्लिया प्युएराचे पतंग शेकड्यांनी येतात. पऱ्हाटी-तुरीच्या पट्ट्यात घाटेअळीचे, तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीचे, एरंडीवरच्या उंटअळीचे. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीजवळ खोडकिड्याचे पिवळे पतंग. हे गोळा करून पेटी भरू नये. फोटो काढावा, मोजावेत, सोडून द्यावेत. ठेवायचे ते वेगळे दिसणारे, आणि शक्यतो जोडीने: नर, मादी, एकाच जातीचे पाच-सहा नमुने. एवढे का, ते पुढे येते.

आता दुसरा भाग. मारक बरणी पारदर्शक, कडक प्लास्टिकची आहे आणि सोबत इथाइल ॲसिटेटची बाटली आहे. दोन्ही एकत्र चालत नाहीत. इथाइल ॲसिटेट या प्लास्टिकला विरघळवते. बरणी धूसर होते, मग आतून चिकट, मग तडे. काचेची लोणच्याची रुंद तोंडाची बरणी घ्यावी. तळाशी दोन सेंटिमीटर प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून ते पूर्ण वाळू द्यावे, त्यावर द्रव मुरवावा आणि उरलेला ओतून टाकावा. ओल राहिली तर पंख काचेला चिकटतात. आत टिश्यू पेपरच्या पट्ट्या टाकाव्यात, म्हणजे पाखरू फडफडले तरी खवले घासले जात नाहीत. मोठा आणि लहान पतंग एका बरणीत टाकू नयेत. लहानाला दहा-पंधरा मिनिटे, मोठ्याला अर्धा तास किंवा जास्त. घाईने काढला तर तो फळीवर जिवंत होतो आणि स्वतःचे पंख फाडतो. डीएनएसाठी नमुना हवा असेल तर त्याला बरणीत टाकूच नये, डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावा.

टाचण्या या भागातली सर्वांत चांगली वस्तू. स्टेनलेस स्टीलच्या, ३८ मिलिमीटर लांब, टोक नीट. १ नंबरच्या आणि ३ नंबरच्या आहेत, म्हणजे ०.४० आणि ०.५० मिलिमीटर जाड. मोठ्या आणि मध्यम पतंगांना पुरतात. स्टेशनरीच्या दुकानातल्या टाचण्यांनी काम चालवणाऱ्यांनी निदान या तरी घ्याव्यात. दुकानातली टाचणी जाड असते, आखूड असते, गंजते. पितळी असेल तर पतंगाच्या अंगातल्या चरबीशी तिची प्रक्रिया होऊन हिरवा मळ फुगतो आणि वर्षा-दोन वर्षांत धड फुटते. उणीव एकच, पण मोठी: सूक्ष्म पतंगांसाठीच्या मायन्यूटन टाचण्या दिलेल्या नाहीत. त्या १०-१५ मिलिमीटर लांब आणि ०.१५ मिलिमीटरच्या आसपास जाड असतात. एक सेंटिमीटरहून कमी पंखविस्ताराच्या पतंगाला ३ नंबरची टाचणी घातली तर धडाचे काहीच उरत नाही. नवे काही सापडायचे असेल तर ते बरेचदा याच बारीक पतंगांत असते, म्हणून ही उणीव माफ करता येत नाही. मायन्यूटन वेगळ्या मागवाव्यात आणि पॅकिंगच्या पांढऱ्या पॉलिइथिलीन फोमच्या बारीक पट्ट्या कापून त्यांवर टोचाव्यात, मग पट्टीला मोठी टाचणी.

पंख पसरायची फळी सागाची आहे, दिसायला सुंदर, वापरायला कडक. टाचणी वाकते. तिच्यावरची खाच सगळीकडे ८ मिलिमीटर रुंद आहे. रुईपतंगाचे जाड धड तिच्यात बसत नाही, आणि बारीक पतंगाचे धड तिच्यात लोंबकळते. ३, ६ आणि १२ मिलिमीटरच्या खाचा असलेल्या तीन फळ्या लागतात. त्याच फोमच्या दोन पट्ट्या पुठ्ठ्यावर हव्या त्या अंतराने चिकटवल्या तरी उत्तम फळी होते.

पसरताना टाचणी छातीच्या मधोमध, सरळ. पुढच्या पंखाची मागची कड शरीराशी काटकोनात येईल एवढा तो वर सरकवायचा, मग मागचा पंख त्याच्या खाली. सरकवताना टाचणी पंखाच्या जाड शिरेमागे टेकवायची, भोक पाडायचे नाही. वरून ट्रेसिंग पेपरची पट्टी आणि पट्टीच्या टाचण्या पंखाबाहेर. उन्हाळ्यात विदर्भात दोन-तीन दिवसांत पतंग वाळतो, आणि पारा ४५च्या वर असेल तर इतका ठिसूळ होतो की पट्टी काढतानाच शिंगे मोडतात. पट्टी आडवी न ओढता एका टोकाकडून उचलावी. पावसाळ्यात हेच काम तीन आठवडे घेते आणि बुरशी येते. फळी झाकणाच्या डब्यात, सोबत कोरडी सिलिका जेल, हा उपाय खेड्यात जमतो. वाळून कडक झालेला पतंग पुन्हा मऊ करायला दमट डब्यात एक दिवस ठेवतात. पण हिरव्या पतंगांना ही वाफ लागू देऊ नये, हिरवा रंग उडून पिवळट होतो. हिरवे पतंग त्याच रात्री पसरावेत.

पेटीबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवे: घेऊ नये. तळाला थर्माकोल आहे, त्यावर पांढरा कागद, आणि कोपऱ्यात जाळीच्या पिशवीत डांबरगोळ्या. डांबरगोळीची वाफ थर्माकोल खाते. दोन महिन्यांत पिशवीखालचा कागद वाटीसारखा खचतो, थर्माकोल आकसून चिकट होतो, आजूबाजूच्या टाचण्या सैल पडतात आणि पेटी उचलली की एक पतंग तीन शेजाऱ्यांवर कोसळतो. म्हणजे संचातलीच एक वस्तू संचातल्या दुसऱ्या वस्तूचा नाश करते. शिवाय डांबरगोळी कीड मारत नाही, फार तर लांब ठेवते, आणि बंद खोलीत तिची वाफ माणसालाही चांगली नाही.

झाकणाची फटही मोठी आहे. कोणतीही पेटी घेताना ही चाचणी करावी: वहीच्या कागदाची पट्टी कडेवर ठेवून झाकण लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर त्या फटीतून पुस्तकातल्या पांढऱ्या उवा आणि कातडीभुंग्याच्या केसाळ अळ्या आत जातात. अळी लागल्याची खूण म्हणजे टाचणीखाली पडलेली तपकिरी भुकटी. ती दिसली की पूर्ण पेटी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवावी. काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. पेटी खोलीच्या तापमानाला आली की मगच. नाहीतर थंड पंखांवर दव बसते. वीज जाऊन मधेच बर्फ वितळला तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावेत. गावात डीप फ्रीजर आइस्क्रीमच्या दुकानात असतो, पण खाद्यपदार्थांसोबत पेटी ठेवू नये. तालुक्याच्या कॉलेजच्या जीवशास्त्र विभागाशी बोलणे बरे.

आता पुस्तिका. तिचा मधला भाग दूरच्या बेटावरच्या पतंगाचे उदाहरण घेऊन नव्या प्रजातीचे वर्णन कसे लिहावे ते सांगतो, आणि लिहिणाऱ्याला विषय कळतो हे त्यात दिसते. बेटाचे उदाहरण शिकवायला चांगलेच. हवाई बेटे जवळच्या खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरहून दूर आहेत. तिथल्या हायपोस्मोकोमा या एकाच वंशात साडेतीनशेहून अधिक प्रजाती आहेत आणि त्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. त्यातल्या हायपोस्मोकोमा मोलुस्किव्होराची माहिती २००५ साली प्रसिद्ध झाली. तिची अळी जिवंत गोगलगायीला रेशमाने पानाला बांधून खाते. पतंग म्हणून ती बारीक, मातकट, शेजारच्या जातींसारखी दिसणारी. तिचे वेगळेपण कळले ते अळी पाळून पाहिल्यामुळे. कवाई बेटावरचा हिरवा रुईपतंग टिनोस्टोमा स्मॅराग्डायटिस १८९५ साली सापडला, मेरिकने १८९९ साली त्याचे वर्णन केले, आणि पुढची कित्येक दशके त्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच नमुने जगात होते.

बेटावरच्या माणसाची अडचण ही अशी असते: नमुने कमी, परत जाणे महाग, चुकीला जागा नाही. पण एक सोय असते. तुलना करायची यादी छोटी असते. जवळचे नातेवाईक त्याच बेटसमूहात असतात, त्यांची वर्णने ठरावीक ग्रंथांत असतात.

विदर्भात नेमके उलटे आहे, आणि पुस्तिका इथे वाचणाऱ्याला वाऱ्यावर सोडते. अमावस्येला पुन्हा पडदा लावता येतो, नमुने हवे तेवढे मिळतात. पण मेळघाटात किंवा भामरागडात आलेला पतंग श्रीलंकेतून, जावातून, आफ्रिकेतून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच नाव घेऊन बसलेला असू शकतो. एरंडीच्या उंटअळीच्या पतंगाला लिनियसने १७५८ सालीच नाव दिले. घाटेअळीचा पतंग युरोप, आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया सगळीकडे आहे आणि त्याचे नाव युरोपातून आलेले आहे. फ्रेडरिक मूरने १८७७ साली अंदमान-निकोबारच्या पतंग-फुलपाखरांवर लिहिले, हॅम्पसनने १८९२ ते १८९६ या काळात ब्रिटिश भारतातल्या पतंगांचे चार खंड काढले. त्या काळचे अनेक मूळ नमुने आज लंडनच्या संग्रहालयात आहेत. आपल्या पडद्यावरचा पतंग ‘पुस्तकात नाही’ म्हणजे नवा, असे इथे म्हणता येत नाही. हॅम्पसनच्या खंडांत नसलेला पतंग इंडोनेशियाच्या एखाद्या जुन्या नियतकालिकात निघतो. म्हणून इथे नवेपण सिद्ध करायला एक सुंदर नमुना पुरत नाही. एकाच जातीतला फरक कुठवर जातो हे दाखवणारी पाच-सहांची रांग लागते, नर आणि मादी दोन्ही लागतात, आणि पोटाच्या टोकाचे अवयव नीट काढलेले लागतात. बेटाच्या मोहिमेसाठी एक पेटी आणि दहा डब्या पुरतील. इथे साठवण आणि विच्छेदन हाच संचाचा कणा हवा होता, आणि तोच या संचात सर्वांत कच्चा आहे.

विच्छेदनाच्या हत्यारांत दोन चिमटे, दोन सुया, एक ब्रश आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पापडीची बाटली आहे. चिमटे बारीक टोकाचे आहेत, पण टोके एकमेकांवर बसत नाहीत. ओल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून जुळवावी लागतात. पोटॅशची बाटली पत्र्याच्या झाकणाची आहे. ही पापडी हवेतले पाणी ओढते, आषाढात बाटलीत पाकच होतो. रबरी बूच असलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावी.

पद्धत अशी. पतंगाचे पोट खालून वर हलके उचलले की धडापासून तुटते. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पापडी टाकून केलेल्या द्रावात ते ठेवायचे. नेहमी पाण्यात पापडी टाकायची, पापडीवर पाणी नाही, आणि हातमोजे घालून. द्रावाची छोटी नळी गरम पाण्याच्या वाटीत उभी केली तर दहा-वीस मिनिटांत मांस विरघळते. थंड ठेवली तर रात्रभर. थेट चुलीवर उकळले तर द्राव उसळून पोट बाहेर फेकले जाते. जास्त वेळ राहिले तर अवयव काचेसारखे पारदर्शक आणि लिबलिबीत होतात, मग कडाच दिसत नाहीत. नंतर पाण्यात धुवायचे, ब्रशने खवले झाडायचे, अल्कोहोलमध्ये न्यायचे. नराच्या बाबतीत वरचा आकडीसारखा अवयव, दोन्ही बाजूंच्या झडपा आणि लिंगनळी सुटी करून ठेवायची. मादीच्या बाबतीत वीर्यपिशवी आणि तिच्यातला काट्यासारखा ठिपका फाटू न देणे हे कौशल्य. बारीक जातींत बाहेरून जुळे दिसणारे पतंग याच भागात वेगळे निघतात. काचपट्टीवर अवयव पक्के बसवण्यासाठी युपॅरल हा पारदर्शक चिकटद्रव दिलेला नाही, तो मागवावा. तोवर ग्लिसरीनच्या छोट्या कुपीत ठेवून ती कुपी पतंगाच्याच टाचणीला लावता येते. काचपट्टीचा नंबर पतंगाच्या टाचणीवर लिहिला नाही तर दोन्ही निरुपयोगी. १० पट भिंग या कामाला पुरत नाही. २० ते ४० पटींचा स्टिरिओ मायक्रोस्कोप लागतो, तो संचात नाही आणि जाहिरात त्याबद्दल गप्प आहे.

लेबलांचे कागद पिवळसर, आम्लयुक्त आहेत आणि छापील रकाने तीनच: गाव, तारीख, नाव. हे वर्णनाच्या कामाचे नाही. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश दशांशात चार अंकांपर्यंत, उंची मीटरमध्ये, तारीख (महिना रोमन आकड्यात, म्हणजे दिवस-महिन्याचा घोळ होत नाही), पकडण्याची पद्धत, आणि पकडणाऱ्याचे नाव. एवढे १५ मिलिमीटर रुंद चिठ्ठीवर लेझर प्रिंटरने बसते. इंकजेटची शाई दमटपणात पसरते. जगभरच्या अभ्यासकांना वाचता यावे म्हणून ही एक चिठ्ठी रोमन लिपीत; स्थानिक झाडाचे नाव, कोणत्या पाड्याजवळ वगैरे मराठीत दुसऱ्या चिठ्ठीवर जरूर लिहावे. पतंग फळीवरून काढला त्याच दिवशी चिठ्ठी लागली पाहिजे.

डीएनएसाठी उजव्या बाजूचा एक पाय चिमट्याने काढून शुद्ध इथेनॉलच्या कुपीत ठेवतात. स्पिरिटच्या दुकानातले निळे मिथिलेटेड स्पिरिट चालत नाही. शुद्ध इथेनॉल परवान्याची वस्तू असल्याने खेड्यात मिळत नाही. पाय सिलिका जेलमध्ये लगेच कोरडा करून फ्रीजरमध्ये ठेवला तरी चालते. जाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून तुलना होते. दोन-तीन टक्के फरक आला म्हणजे नवी प्रजात सिद्ध झाली, असे पुस्तिका सुचवते, ते बरोबर नाही. तो फरक हा तपास पुढे न्यायचा इशारा असतो.

पुस्तिकेतला नामकरणाच्या नियमांचा भाग मात्र अचूक आहे. १९९९नंतर प्रसिद्ध होणाऱ्या नव्या प्रजातीसाठी नामधारक नमुना, म्हणजे बहुतेकदा होलोटाइप, स्पष्ट सांगावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला तेही. वेगळेपण शब्दांत लिहावे लागते, नुसता फोटो पुरत नाही. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकातला लेख २०१२पासून ग्राह्य धरतात, पण त्याची झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंद हवी. पुस्तिका भारताच्या कायद्याबद्दल मात्र एक ओळही लिहीत नाही. व्याघ्र प्रकल्पात आणि अभयारण्यात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक पतंगही उचलता येत नाही. जैवविविधता कायदा २००२च्या कलम ३९नुसार नवी प्रजात सापडल्यावर ठरवून दिलेल्या संस्थेला कळवणे आणि तिथे नमुना जमा करणे बंधनकारक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशी संस्था आहे, तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. घरच्या पेटीत होलोटाइप ठेवता येत नाही. गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत पतंगांची यादी भरायला मात्र कुणाची वाट पाहावी लागत नाही.

संचात अळी पाळण्याचा एकही डबा नाही. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा पाळणाऱ्यांना अळी, पान आणि कोश यांचे जे ज्ञान आहे, त्याचा वापर करून इथले संच बनले पाहिजेत. अळीपासून पाळलेला पतंग खवलेही न गळालेला मिळतो, त्याचे खाद्यझाड कळते, आणि बाहेरून सारख्या दोन जाती अळीत वेगळ्या निघू शकतात. जाळीचे झाकण असलेला आइस्क्रीमचा रिकामा डबा, तळाला वर्तमानपत्र, रोज ताजे पान आणि रोज विष्ठा काढणे, एवढ्यावर काम होते. पान ओले घालू नये, अळीला हगवण लागते. कोश झाल्यावर डब्यात उभी काडी ठेवावी, नाहीतर बाहेर आलेल्या पतंगाला लोंबकळायला जागा मिळत नाही आणि पंख चुरगळलेलेच वाळतात.

ऑर्डर देताना पहिला भाग मागवावा आणि त्यासोबत दुसऱ्यातल्या फक्त टाचण्या सुट्या मागाव्यात, विक्रेता देतो. जोडीला मायन्यूटनचे एक पाकीट, दहा मिलिमीटर जाड पॉलिइथिलीन फोमची शीट, काचेची बरणी आणि चार्ज कंट्रोलर. पेटी स्थानिक सुताराकडून खोबणीच्या झाकणाची करून घ्यावी, आणि लाकूड वाळलेले आहे याची खात्री करावी. ओले लाकूड वैशाखात वाकले की कागदाची पट्टी पुन्हा सहज निघू लागते.